इनास मास्तरांच्या लेकीची सही

फ्लोरिन घोन्साल्विसला कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये ओळखणारी माणसं दोन प्रकारची. एक, तिला टरकून असलेली. दुसरी, अजून तिच्या वाट्याला न गेलेली.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या बेसमेंटमधल्या स्वयंपाकघरात, सरकत्या पट्ट्यासमोर ती एकोणीस वर्षं उभी होती. ट्रे आला की त्यावरची चिठ्ठी वाचायची, मिठाचं सूप की बिनमिठाचं ते बघायचं, वाडगा ठेवायचा, झाकण दाबायचं, ट्रे पुढे. ठाण्याला तिनं डी.एड. केलं होतं, म्हणजे ती शिकलेली मास्तरीण. इथं त्या कागदाला कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग तिनं असं काही केलं की लोकांना तिलाच विचारावं लागलं. ती युनियनची स्टुअर्ड, म्हणजे कामगारांच्या वतीनं भांडणारी, झाली.

एकदा सुपरवायझरनं पट्ट्यावरच्या एका फिलिपिनो बाईपुढे कागद सरकवला. जेवणाची सुट्टी मिळाली, असं त्यावर लिहिलेलं. सुट्टी मिळालीच नव्हती. ती बाई बिचारी घाबरून पेन शोधायला लागली. फ्लोरिननं हातातली पळी खाली ठेवली, पट्टा थांबवायचं लाल बटण दाबलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “जे झालं नाही, त्याच्याखाली सही नाही.” पट्टा अकरा मिनिटं बंद होता. वरच्या मजल्यांवर सूप उशिरा पोचलं, त्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. ती ताकीद तिनं घरी फ्रिजवर लावली, मॅग्नेटखाली, मुलीच्या शाळेच्या फोटोशेजारी.

नवरा जेरोम पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. तोंडानं मवाळ आणि कानानं अर्धा बहिरा. घरात दोन वाघ नकोत म्हणून देवानंच तो तसा घडवला असावा, असं फ्लोरिन म्हणायची. घर माउंटनवर. हॅमिल्टनकर ज्या टेकाडाला माउंटन म्हणतात त्याला वसईत कुणी डोंगरही म्हटलं नसतं. आणि एकच मुलगी, क्रिस्टा.

पण फ्लोरिन कळायची असेल तर आधी तिचा बाप कळायला हवा.

इनास लोपीस वसईत मराठी शाळेवर मास्तर होते. सकाळी वाडीत केळीला आणि पानवेलीला पाणी, मग अंगावर धुतलेला सदरा आणि शाळा. इतिहास हा त्यांचा जीव. वसईच्या वेढ्याबद्दल पुस्तकात जेमतेम चार ओळी असायच्या, मास्तर त्याच्यावर दोन तास बोलायचे. मराठ्यांनी सुरुंग कुठे लावले, फिरंग्यांनी पांढरं निशाण कधी दाखवलं, सतराशे एकोणचाळीस साली किल्ला कसा पडला, सगळं हातवारे करून. वर्गातली निम्मी पोरं ख्रिस्ती. नावं फिरंगी, घरात बोली कादोडी, पाटीवर अक्षर मराठी. एका वर्षी त्या वर्गात त्यांची स्वतःची लेकही होती. ती उभी राहिली आणि तिनं विचारलं, “मास्तर, मग आपण हरलो की जिंकलो?”

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, “किल्ल्याच्या आत होते ते त्यांचे लोक. बाहेर वेढा घालून बसले ते ह्यांचे लोक. आणि आपण? आपण तेव्हा वाडीत शिंपण करत होतो, बाय. वेढा पडो नाहीतर उठो, केळीला पाणी लागतंच.”

दहा वर्षांच्या पोरीला ते किती कळलं देव जाणे. पुढे मात्र रोज कळत गेलं. ठाण्याला डी.एड.च्या वसतिगृहात राहायला गेली तेव्हा खोलीतल्या मुलींशी मोरीवरून भांडण झालं, आणि एकीनं सरळ सांगितलं, जा ना तुमच्या पोर्तुगालला. फ्लोरिननं तिची बादली खिडकीतून खाली फेकली. बादली रिकामी होती, एवढाच तिचा मोठेपणा. मग कॅनडाला आली, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला हौसेनं गेली, तर तिथं सुरेखाबाई नावाच्या बाईंनी तिळगूळ हातावर ठेवत डोळे विस्फारले, अय्या, तुम्ही ख्रिश्चन ना, मराठी किती छान बोलता. फ्लोरिननं तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाली, “तुमचंही बरं आहे हो.” त्यानंतर मंडळाची बोलावणी आपोआप बंद झाली.

हे सगळं मनात ठेवा. आता क्रिस्टाकडे येऊ.

क्रिस्टा उंचीनं पाच फूट सहा इंच. बास्केटबॉलच्या जगात ही उंची म्हणजे जवळजवळ अपंगत्व. पण पोरीचे हात-पाय विजेचे आणि डोकं आईचं. ती पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर नेणारी, बाकीच्या चौघींना जागेवर लावणारी, वेळ पडली तर स्वतःहून दुप्पट धिप्पाड मुलीच्या कुशीत शिरून फाऊल काढणारी. हिवाळ्यात आधी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा आणि मग त्याच ड्राइव्हवेवर हातमोजे काढून शूटिंग. बोटं भेगाळून रक्त यायचं. फ्लोरिन खिडकीतून बघायची आणि बाहेर जाऊन एक शब्द बोलायची नाही. तिला वाटायचं, ही माझीच.

अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजनं क्रिस्टाला स्कॉलरशिप दिली. चार वर्षं ती तिथं खेळली. फ्लोरिन आणि जेरोम महिन्या-दोन महिन्यांनी बफेलोचा पूल ओलांडून मॅच बघायला जायचे. सीमेवरचा अधिकारी विचारायचा, कशासाठी चाललात. फ्लोरिन म्हणायची, मुलीला बघायला. तो विचारायचा, ती काय करते. फ्लोरिन म्हणायची, “ऑर्डर सोडते.” शेवटच्या वर्षी क्रिस्टा संघाची कॅप्टन होती. पण अमेरिकेतल्या कॉलेजातून दर वसंतात शेकडो मुली बाहेर पडतात आणि तिथल्या प्रो लीगमध्ये जागा मूठभर. बाकीच्यांनी एकतर नोकरी शोधायची, नाहीतर परदेश गाठायचा. युरोपात गावोगाव क्लब असतात, तिथं परक्या खेळाडूंना घेतात. पण घेतात कुणाला? सहा फूट दोन इंचवाल्यांना.

क्रिस्टानं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात, तेवीस क्लबना आपले व्हिडिओ पाठवले. एकोणीस जणांनी उत्तरच दिलं नाही. तिघांनी नाही म्हटलं. एकानं, पोर्तुगालच्या उत्तरेकडल्या एका गावच्या क्लबनं, विचारलं की तुमचं आडनाव घोन्साल्विस कसं?

आणि ह्या प्रश्नाचा वास लागून रॉयस्टन घरात शिरला.

रॉयस्टन जवळच्या मिसिसागा शहरातला. खेळाडूंचा एजंट. मूळ गोव्याच्या बाजूचं, आणि आजोबांच्या कागदावर त्यानं स्वतः पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला. ह्यात काही खोटं नव्हतं, गोवा एकसष्ट सालापर्यंत त्यांच्याकडेच होता, तो त्या लोकांचा हिशेब. पण रॉयस्टनला जगातलं प्रत्येक फिरंगी आडनाव म्हणजे बंद पाकीट वाटायचं, फक्त फोडायचा अवकाश. पांढरी पँट, मोज्यांशिवाय घातलेले लोफर बूट, आणि बोलताना समोरच्याच्या कोपराला हात लावायची सवय. फ्लोरिनच्या कोपराला त्यानं एकदाच लावला.

त्यानं जेरोमला आणि क्रिस्टाला समजावलं ते असं. त्या क्लबला परदेशी मुली दोनच ठेवता येतात आणि दोन्ही जागा गेल्या, दोन उंच अमेरिकन मुली सही करून बसल्यात. पण क्रिस्टाचं मूळ पोर्तुगीज निघालं, तसा अर्ज दाखल झाल्याचा कागद जरी दाखवला, तर क्लब तिला घरच्या खेळाडूंत धरील. दोन वर्षांचा करार. सुरुवातीची पाच जणींची टीम, त्यात ती. सगळं पक्कं, फक्त एक आजोबा हवा.

“आजोबा आहे,” असं जेरोम म्हणाला.

फ्लोरिनला हे त्या क्षणी माहीत नव्हतं. ती पट्ट्यावर होती. जेरोमनं भाबडेपणानं केलं, पण केलं. बिस्किटांच्या डब्यात इनास मास्तरांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची झेरॉक्स होती. वसईच्या जमिनीवर वारसांची नावं लावताना फ्लोरिनच्या भावानं चर्चमधून काढून एक प्रत इकडे पाठवली होती. एकोणीसशे पंचवीसचा दाखला. राज्य इंग्रजांचं, पण त्या चर्चचे पाद्री पोर्तुगीज परंपरेतले, त्यामुळे दप्तर पोर्तुगीजमध्ये. इनासचं तिथं इनासिओ झालेलं. वसईचं बासाईं झालेलं, बीनं सुरू होणारं. जेरोमनं त्याचा फोटो काढला आणि रॉयस्टनला व्हॉट्सॲप केला. त्याला वाटलं, कागद आपलाच आहे, खरा आहे, पोरीच्या कामाला येतोय, बायको खूश होईल. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला बायकोबद्दल एवढं अज्ञान असू शकतं.

शनिवारी दुपारी रॉयस्टन आला. बरोबर छापील प्रतिज्ञापत्र. डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडला, क्लबचे डायरेक्टर तावारेस साहेब व्हिडिओवर येणार होते, सगळ्यांसमोर सही झाली की ते लगेच करार पाठवणार. क्रिस्टा आंघोळ करून, केस बांधून, कॉलेजचा टी-शर्ट घालून बसलेली. फ्लोरिन नुकतीच कामावरून आलेली, केसांना अजून जाळी.

तिनं कागद वाचला. ती सगळे कागद वाचते, मागची बारीक अक्षरंसुद्धा. मी, फ्लोरिन, इनासिओ लोपिश यांची मुलगी, प्रतिज्ञेवर सांगते की माझे वडील बार्देश, गोवा येथे जन्मले.

“बार्देश कुठून आलं?” तिनं विचारलं.

रॉयस्टन म्हणाला, आंटी, दाखल्यात बासाईं आहे, ते कुणाला कळत नाही, प्रॉब्लेम होतो. बार्देश सगळ्यांना माहीत आहे. गोव्यात माझा माणूस आहे, तो तिथला जन्मनोंदीचा कागद करून देईल. तुम्ही फक्त सही करा. मूळ एकच ना आपलं.

“आपलं?” फ्लोरिन म्हणाली.

जेरोमनं खाली बघितलं. त्या खाली बघण्यातून फ्लोरिनला कळलं की दाखला रॉयस्टनपर्यंत कसा पोचला.  नवऱ्याचं नंतर बघता येईल.

तिनं शांतपणे, म्हणजे तिच्या मानानं शांतपणे, सांगितलं की तिचे वडील वसईत जन्मले, वसईत शिकवलं, वसईत मेले. गोव्याला आयुष्यात एकदा गेले होते, शाळेची सहल घेऊन, आणि तिथलं पाणी बाधलं म्हणून दोन दिवसांत परत आले. हे ऐकून रॉयस्टन हसला. म्हणाला, आंटी, कोण चेक करतंय. माणूस तर गेला.

फ्लोरिनच्या तोंडात शिवी आली होती, मराठीतली, सरळ आईवरून जाणारी. पण तेवढ्यात क्रिस्टा बोलली. क्रिस्टा आईशी इंग्रजीतच बोलायची, आई मराठीत विचारायची. लहानपणापासून घरात हा असाच खेळ.

“मॉम, इट्स जस्ट पेपर.”

मग ती बोलत गेली. तेवीस क्लब, आई. बावीसांनी मला बघितलंसुद्धा नाही. तूच सांगितलंस ना, जागा कुणी देत नाही, भांडून घ्यायची. ही जागा आहे. मी काय खोटं खेळणार आहे का तिथं? चेंडू खरा, रिंग खरी, माझा गुडघा खरा. एका गावाचं नाव बदललं तर कुणाचं काय जातं? आणि शेवटी, आवाज न चढवता, तिनं ते वाक्य म्हटलं जे म्हणायला नको होतं. “ग्रँडपा इज डेड. आय ॲम नॉट.”



इथं फ्लोरिनला उगाच देवी करायला नको. तिनं पेन उचललं. पट्टा थांबवणारी, ताकीद फ्रिजवर लावणारी फ्लोरिन, तिनं पेन उचललं, टोपण काढलं आणि नीब कागदावर टेकवलं. कारण समोर पोर होती. भेगाळलेली बोटं, बर्फातला ड्राइव्हवे, बफेलोच्या पुलावरचे चार हिवाळे, सगळं त्या पोरीच्या चेहऱ्यावर होतं. बाप काय, बापानं माफ केलं असतं. बाप म्हणाला असता, लिही बाय, पोरगी खेळू दे. म्हणालाही असता कदाचित. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, हाच तर रॉयस्टनचा धंदा.

नेमका त्या वेळी लॅपटॉप वाजला. तावारेस साहेब आले. पांढऱ्या मिशा, मागे भिंतीवर कप आणि संघाचे फोटो, माणूस वाईट नव्हता. इंग्रजी अडखळत पण आनंदानं बोलत होते. क्रिस्टाचा खेळ किती आवडला, गाव किती लहान पण स्टेडियम कसं भरतं, ते सगळं त्यांनी सांगितलं. मग रॉयस्टननं त्यांना घाईघाईनं म्हटलं की आई आता सही करतेच आहे. तावारेस हसले. म्हणाले, मी तो जुना दाखला पाहिला, बासाईं. कागदावर तुम्ही काय गाव लिहिता ते तुमचा एजंट बघेल, पण मला खरंच आनंद झाला. शाळेत शिकलो होतो मी. आणि छातीवर हात ठेवून म्हणाले:

“बासाईं आमचंच होतं, सेन्योरा. तुमची मुलगी घरी येते आहे.”

ठाण्याच्या वसतिगृहातली ती पोरगी म्हणाली होती, जा पोर्तुगालला. आणि इथं पोर्तुगाल म्हणत होता, या. दोघांचं म्हणणं एकच. एकीनं हाकलून, दुसऱ्यानं मिठी मारून, दोघांनी तिच्या बापाची वाडी नकाशातून पुसली होती.

फ्लोरिननं नीब उचललं.

“किल्ला तुमचा होता,” ती इंग्रजीत म्हणाली, एकेक शब्द ट्रेवर ठेवल्यासारखा. “माझा बाप किल्ल्यात राहत नव्हता. तो बाहेर होता. केळीला पाणी घालत.”

तावारेस साहेबांना केळी कुठून आली ते समजलं नाही. ते रॉयस्टनकडे बघायला लागले. रॉयस्टन म्हणाला, आंटी, प्लीज, आणि त्यानं पुन्हा कोपराकडे हात नेला. तिनं नुसतं त्या हाताकडे बघितलं. हात मागे गेला.

मग तिनं लिहायला घेतलं. इनासिओ खोडलं, वर इनास लिहिलं. लोपिश खोडून लोपीस. बार्देश, गोवा ह्याच्यावर दोन आडव्या रेघा, आणि वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत वसई, तालुका तोच, जिल्हा तेव्हाचा ठाणे. पहिलं अक्षर व्ही, एवढं मोठं की शेजारच्या ओळीत घुसलं. प्रत्येक खोडलेल्या जागी शेजारी आपली छोटी सही केली, युनियनच्या करारांवर करतात तशी, म्हणजे मागून कुणी म्हणू नये की हे कुणी दुसऱ्यानंच बदललं. सगळ्यात खाली पूर्ण सही. आणि तो कागद उचलून तिनं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरला, तावारेस साहेबांना नीट वाचता येईल इतका वेळ धरला. आता दुसरा कागद कुणी गुपचूप पुढे केला असता तर तो खोटा आहे हे त्यांना कळलंच असतं. ही तिची युनियनमधली खोड, साक्षीदार असल्याशिवाय सही नाही.

तावारेस साहेबांनी वाचलं.  मग सभ्यपणे म्हणाले, आम्ही विचार करून कळवतो.

रॉयस्टननं लॅपटॉप बंद केला, बॅगेत घातला आणि दारात जाऊन म्हणाला की तुमच्यासारख्या लोकांचं काही होणार नाही. फ्लोरिन म्हणाली, “आमच्यासारख्या म्हणजे कुठल्या? आत्ता तर मूळ एकच होतं ना?” त्याच्या पाठोपाठ तिनं दार लावून घेतलं.

क्रिस्टा टेबलाशीच बसून होती. जेरोमनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं तो काढला. आईकडे बघितलं. रडत नव्हती, मॅच हरल्यावरही ती रडायची नाही.

“यू वन, मॉम,” ती म्हणाली. “आय लॉस्ट.”

आणि वर गेली.

हरलो की जिंकलो. तोच प्रश्न, चाळीस वर्षांनी, उलट बाजूनं. पण इनास मास्तरांकडे जे उत्तर होतं ते त्यांच्या लेकीकडे नव्हतं. इथं आत कोण, बाहेर कोण, ती स्वतःच वेढा घालून बसली होती आणि आत तिचीच पोर होती. ती खुर्चीवर बसली आणि तिनं डोक्यावरची जाळी काढली. तेव्हा कुठे जेरोमकडे वळली. त्या दिवशी जेरोमला जे ऐकावं लागलं ते त्याच्या दोन्ही कानांना नीट ऐकू आलं.

तीन दिवसांनी क्लबचा मेल आला. त्यांनी घरच्याच एका मुलीला घेतलं होतं.

तो पावसाळी, चिकट उन्हाळा आणि त्यानंतरचा पानगळीचा सबंध फॉल घरात मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या. क्रिस्टा अप्पर जेम्स रस्त्यावरच्या एका कॉफीच्या दुकानात ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीवर उभी राहायला लागली. कानाला हेडफोन, हातात कप, मग पुढची गाडी. सकाळी आई पट्ट्यावर, मुलगी खिडकीवर, दोघी उभ्या, दोघी पुढे सरकवणाऱ्या. निरोप जेरोममार्फत जायचे. आस्क मॉम, माझे शूज तिनं हलवलेत का. सांग तिला, ओले होते म्हणून हीटरपाशी ठेवलेत. जेरोम मध्ये उभा, क्रेनवरून सामान उचलून ठेवावं तसा एकीचं वाक्य उचलून दुसरीपाशी ठेवायचा, थोडं मऊ करून. फ्लोरिन ऐकायची आणि म्हणायची, एवढं गोड ती बोलली नसणार, खरं सांग.

रविवारी चर्चमध्ये वसईकडलीच मंडळी भेटायची. एक जण म्हणाला, फ्लोरिन, एवढ्याशा गोष्टीसाठी पोरीचं करिअर घालवलंस. सगळेच करतात गं. फ्लोरिननं विचारलं, तू केलंस? तो म्हणाला, माझ्या भावानं केलं. ती म्हणाली, मग तुझ्या भावाला विचार, त्याच्या पोरांना आता आजा कुठला सांगतो. मिस्सा सुरू व्हायची होती म्हणून भांडण तिथंच थांबलं. तिला पाठिंबा देणारं त्या चर्चमध्ये कुणी नव्हतं, आणि तिनं मागितलाही नाही. पण वेदीवर कम्युनियन घेऊन परत येताना ती जागा चुकली आणि दुसऱ्याच बाकावर जाऊन बसली. असं तिचं कधी होत नसे.

नोव्हेंबरच्या शेवटी क्रिस्टाच्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. फिनलंडच्या उत्तरेकडल्या एका गावात क्लबच्या गार्डचा घोटा मोडला होता. लगेच मुलगी हवी होती. परदेशी म्हणूनच घेणार, उरलेल्या हंगामापुरतंच, त्यापुढची हमी नाही. उंची कुणी विचारली नाही. क्रिस्टानं खिडकीवरचा हेडफोन तिथल्या तिथे काढून मॅनेजरच्या हातात दिला म्हणे. ही बातमीही फ्लोरिनला जेरोमकडूनच कळली.

विमानतळावर फ्लोरिन गेली. न जाण्याइतकी ती मोठी नव्हती. भावानं वसईहून कुणाबरोबर तरी पाठवलेली सुकेळी होती, वाळवलेल्या राजेळी केळ्यांची, पानात बांधलेली, मधासारखी काळपट. त्यातली एक पुडी तिनं आदल्या दिवशी क्रिस्टाच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात घातली होती. इनास मास्तर सहलीला जाताना पोरांना हीच वाटायचे. गेटपाशी क्रिस्टानं बापाला मिठी मारली, बराच वेळ. मग आईसमोर आली, आईच्या खांद्याला खांदा टेकवला, मॅच संपल्यावर हरलेल्या संघाशी टेकवतात तेवढाच. “बाय,” म्हणाली. इंग्रजीतलं बाय. मराठीत त्या शब्दानं तिचा आजा आपल्या लेकीला हाक मारायचा, हे तिला कुठून माहीत असणार.

घरी परत आल्यावर दारातल्या शू-रॅकवर ती पुडी दिसली. न सोडलेली. क्रिस्टानं निघताना काढून ठेवली होती.

फ्लोरिननं बूट काढले. पुडी उचलली, उघडली आणि उभ्या उभ्या एक सुकेळं खाल्लं. जेरोमला दिलं नाही.

जानेवारीत एका दुपारी, पट्टा जेवणानंतर थांबला होता तेव्हा, तिचा फोन एप्रनच्या खिशात थरथरला. क्रिस्टाचा मेसेज. सहा महिन्यांत थेट तिला आलेला पहिला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. इंग्रजीत एवढंच, की इथं सगळे विचारतात तू पोर्तुगीज का, ब्राझीलची का. मॅचच्या कार्यक्रमपत्रिकेत छापायचंय. ग्रँडपाचं गाव. व्ही की बी?

फ्लोरिननं सुपाचा हात एप्रनला पुसला. लिहायला खूप होतं. वाडी, खडू, वेढा, बादली, दोन हजार सतराचा तो शनिवार. तिनं अंगठा स्क्रीनवर नेला, काही शब्द लिहिले, पुसले. पुन्हा लिहिले, पुसले. मग एकच अक्षर ठेवलं.

व्ही.

उत्तरही ओकेतल्या एकाच अक्षराचं आलं. के.

पट्टा सुरू झाला. तिनं फोन खिशात टाकला आणि पहिल्या ट्रेवरची चिठ्ठी वाचली.